आपल्या जवानाचं अक्षर

६ फेब्रुवारी

चि. खोडरबर यास मावशीचा आशीर्वाद.

तू सैन्यात कधी गेलास?

कालच्या पेपरात पहिल्या पानावर 'आपल्या जवानाचं आईला पत्र' आलंय. टाइपात नाही, त्याच्या हातचा कागद जसाच्या तसा, फोटो काढून छापलाय. शेजारीण धावत घेऊन आली. म्हणाली, "वाचा हो, डोळ्यांत पाणी येतं." मला पाणीबिणी काही आलं नाही, कारण तो 'ळ' मी ओळखते. शाळेत होतास तोवर तुला शुद्धलेखन मीच घातलंय. एक अक्षर चुकलं तर कागदाला भोक पडेपर्यंत खोडणारं पोर तू, तुझं नाव काही उगाच पडलं नाही.

आणि तो जवान आईला विचारतो, "शिवणाच्या मशीनला तेल घालतेस ना? पायडल अजून डाव्या बाजूला कुरकुरतं का? गुडघा कसा आहे?" अरे, जगात किती आयांचं पायडल डाव्या बाजूला कुरकुरतं?

तुला प्रचार कचेरीत नक्कल-कारकून म्हणून घेतलं असं तू कळवलं होतंस. मग ही बंदूक कुठून आली? माझा पोटचा, तुझा दादा, आघाडीवर गेलाय, त्याचं नोव्हेंबरपासून पत्र नाही. बहिणीनं जाताना पदरात टाकलेला दुसराही न सांगता गेला असेल, तर आठवड्याला लष्कराचे जे शर्ट शिवून देते त्या सगळ्यांना मी बटणं पाठीला लावीन. मग लढा म्हणावं.

उलट टपाली कळव.

मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. मी सैन्यात गेलेलो नाही. त्यांनी मला घेतलेही नसते, माझी छाती मापात बसत नाही. कृपा करून बटणे पुढेच लाव.

झाले ते असे. आमच्या कचेरीची वाङ्मय शाखा एका प्राथमिक शाळेत आहे. शाळा युद्धकार्यासाठी ताब्यात घेतली आहे. आम्ही तिसरीच्या वर्गात बसतो. मी सातवीतून शाळा सोडली आणि फिरून तिसरीत आलो, असे म्हणता येईल. बाके लहान मुलांची आहेत. आमच्याकडे एक मोठे कादंबरीकार आहेत, ते बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात. भिंतीवर प्राण्यांची चित्रे आहेत. ती काढायला शिक्षण खात्याची परवानगी लागते, म्हणून ती आहेत.

जवानाच्या पत्राचा मजकूर कादंबरीकार सांगतात. कवयित्रीबाई त्यात मातृभूमीविषयी एक वाक्य घालतात. त्यांची नेमणूक त्या एका वाक्यासाठीच आहे, पण वाक्य लांब असते. मग साहेब त्यातले ठिकाण, हवा आणि जेवण काढून टाकतात, कारण त्यावरून शत्रूला ठावठिकाणा कळू शकतो. साहेब पूर्वी साबणाच्या जाहिराती करत. एवढे काढल्यावर जवानाकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा एकदा कादंबरीकारांनी मला विचारले, "काय रे, तुझी आई काय करते?" मी म्हणालो, आई नाही, मावशी आहे, ती शर्ट शिवते. त्यांनी पुढे विचारले आणि मी सांगत गेलो. मशीन आणि गुडघा असे तिथे गेले. तुला विचारायला हवे होते. क्षमा कर.

अक्षर माझे निवडले, कारण ते अर्धवट शिकलेल्या पण प्रामाणिक माणसाचे वाटते, असे साहेब म्हणाले. मी आभार मानले.

जवान कोण, असे विचारशील तर तो कोणीही नाही. तरी त्याला फार पत्रे येतात.

हे वाचून फाडून टाक. दादाचे पत्र आले का?

तुझा,
खोडरबर

१७ फेब्रुवारी

चि. खोडरबर,

फाडलं नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर कॉलरची मापं लिहिली.

तुमचा जवान खोटा आहे हे तुझं अक्षर नसतं तरी मला कळलं असतं. लढाईवरचा मुलगा कधी आईच्या गुडघ्याची चौकशी करतो का? आमचं ध्यान काय लिहायचं? "मोजे पाठव. जाड. बरा आहे." संपलं पत्र. एकदा तर "बरा आहे" पण राहिलं होतं, नुसतेच मोजे. तुझ्या कादंबरीकारांना सांग, आई ओळखायची असेल तर पत्र असं लिहा.

पण एक सांगते, हसू नकोस. रविवारी रेडिओवर तुमचं पत्र वाचतात तेव्हा मी मशीन थांबवते. "गुडघा कसा आहे" म्हणतो तो, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "बरा आहे रे." परवा ते शेजारणीनं ऐकलं. आता सगळ्या गल्लीत झालंय की जवान माझाच. मी नाही म्हटलं तर म्हणतात, बघा, किती विनय! वाणी मला रांगेत पुढे घेतो. मी जाते पुढे. पाय दुखतात.

जो मुळात नाहीच त्याचं तुम्ही दर आठवड्याला पत्र आणता. मग जो आहे त्याचं एक आणता येत नाही होय तुमच्या साहेबाला? विचार त्याला.

दादाचं पत्र नाही.

मावशी

८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

साहेबांना विचारण्याची संधी शोधत होतो, तोच एक वेगळे प्रकरण उभे राहिले आहे. ते नीट वाच आणि लगेच रागावू नकोस.

आपल्या मित्रराष्ट्रातील लेखकांचे एक शिष्टमंडळ पुढच्या महिन्यात येत आहे. त्यांना एक धरण आणि एक ग्रंथालय दाखवायचे ठरले होते. परंतु जवानाची पत्रे त्यांच्या भाषेत भाषांतरित झाली असून तिथे ती फार आवडतात. त्यांनी कळवले आहे की धरण नको, आम्हाला जवानाची आई पाहायची आहे.

कादंबरीकार म्हणाले, "आई वारली म्हणून सांगा." कवयित्रीबाई म्हणाल्या, "छे, रविवारच्या वाक्यात ती हात उंचावून निरोप देते आहे. मी ते बदलणार नाही." त्यानंतर तिघांनीही माझ्याकडे पाहिले.

साहेब म्हणाले, "मशीन तुझ्या मावशीचं, गुडघा तुझ्या मावशीचा. मग राहिलं काय?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"विचारतोस काय? सांग."

तरी मी विचारतो आहे. तुला खोटे बोलावे लागणार नाही. पाहुणे जे समजतील ते फक्त दुरुस्त करायचे नाही, असे साहेबांचे म्हणणे आहे. खुर्च्या, चहा आणि भिंतींना रंग सरकारी खर्चाने.

दादाचे पत्र आले का?

खोडरबर

१२ मार्च

चि. खोडरबर,

आई व्हायला माझी हरकत नाही. सवय आहे.

पण साहेबाला सांग, एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं घ्यायचं. आमचं ध्यान कुठे आहे ते शोधा. जिवंत असो, मेलेला असो, पळून गेलेला असो, जे असेल ते मला पाहुणे यायच्या आधी सांगा. मी रडेन, तोंड धुईन आणि तुमच्या खुर्चीवर बसेन, शब्द देते. मात्र मला अंधारात ठेवून दुसऱ्याच कोणाची आई म्हणून मिरवायला लावलंत, तर मग तोंडातून काय निघेल त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

खुर्च्या पाठवाच. माझ्याकडे एक आहे आणि तिचा चौथा पाय म्हणजे मशीन आहे.

माय मरो आणि मावशी उरो म्हणतात. मावशी उरलीय. तिला असं अर्धवट लटकत ठेवू नका.

पत्र नाही आलं.

मावशी

१६ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

साहेबांनी अट मान्य केली. माझ्यादेखत लष्कराच्या कचेरीला फोन केला. दादाचे नाव, पलटण, सगळे मी शेजारी उभे राहून सांगितले. चौकशी करणे काही अवघड नसते, असे फोन ठेवल्यावर ते म्हणाले. मग इतके दिवस का केली नाही, असे विचारण्याचे माझ्या मनात आले, पण तोपर्यंत ते दाराबाहेर गेले होते.

आता फार दिवस लागणार नाहीत. कळताक्षणी लिहितो.

दादाचे पत्र आले का? कदाचित तेच आधी येईल.

खोडरबर

२ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाहुणे नऊ तारखेला सकाळी येतील. पाच लेखक, एक दुभाषी, साहेब आणि फोटोग्राफर. खुर्च्या तुझ्याकडे सात तारखेला पोहोचतील. त्या परत करायच्या आहेत, त्यांच्या पाठीवर मागच्या बाजूला शाळेचा शिक्का आहे, तो भिंतीकडे राहील असे पाहा.

रंगारी उद्या येईल. भिंतीला फिकट निळा रंग ठरला आहे, फोटोत तो स्वच्छ दिसतो. मशीन खिडकीजवळ असू दे. पायडलला तेल घालू नकोस, ते कुरकुरले पाहिजे, पाहुण्यांनी वाचलेले आहे. चहा फार गोड नको, त्यांच्याकडे साखर वेगळी घेतात, ती बशीत ठेवावी. कपबश्या एकसारख्या असाव्यात. त्या नसल्या तर मी इथून पाठवतो. फुटल्या तरी चालतील, म्हणजे मुद्दाम नाही.

तुला विचारतील, मुलगा घरी आला की पहिली गोष्ट काय करील. साहेबांनी उत्तर सुचवले आहे: "पुन्हा आघाडीवर जायला निघेल." हे तुला ओठांवर बसेल असे वाटत नसेल तर नुसते हसलीस तरी दुभाषी तसेच सांगेल.

हलक्या रंगाची साडी नेस. चष्मा काढू नकोस. गुडघा कसा आहे? इथे हवा कोरडी आहे, तिथेही असेल. शेक घेत जा. रंगाचा वास येईल, खिडक्या उघड्या ठेव. जास्त दगदग करू नकोस. रात्री शर्ट शिवत बसू नकोस.

चौकशी चालू आहे, असे साहेबांनी कळवायला सांगितले आहे.

खोडरबर

५ एप्रिल

चि. खोडरबर,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. कागद उलटून पण पाहिला.

रंगारी येऊन गेला. मशीनमागची भिंत राहिली, तिथे त्याचा हात पोचत नव्हता. खुर्च्या आल्या की शिक्का भिंतीकडे करीन. साखर बशीत ठेवीन.

मी शब्द दिलाय. पाहुण्यांपुढे बसेन.

तुला काही लिहायचं राहिलं असेल तर अजून टपालाला वेळ आहे.

मावशी

१० एप्रिल

खोडरबर,

काल तुझे पाहुणे येऊन गेले. साहेबानं तुला सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

पाचही जण चांगले होते. खोलीत शिरताना वाकून आले, वरची चौकट तेवढी खाली नसताना. त्यांतला एक म्हातारा, भुवया पांढऱ्या, माझ्या मशीनशेजारी बसला. चहा प्यायला, साखर घेतली नाही. मग त्यानं पायडलवर हळूच पाय ठेवला. ते कुरकुरलं. त्यानं बाकीच्यांकडे असं पाहिलं, जसं काही त्याला देवच दिसला. मग दुभाष्याला म्हणाला, ह्यांना विचारा, मुलगा घरी आला की पहिली गोष्ट काय करील.

साहेबानं माझ्याकडे बघून मान हलवली. मला हसायचं होतं. तेवढंच ठरलं होतं. मी हसायला गेले आणि तोंडातून आलं, "येणार नाही तो."

दुभाषी म्हणाला, "येणार नाही म्हणजे, रजा नाही?"

म्हटलं, "मेला."

साहेब मधे पडला, "बाई दमल्यात, बाई दमल्यात," पण दुभाष्याचं सांगून झालं होतं. सगळे उभे राहिले. खुर्च्या दाटीनं मांडलेल्या, दोन मागे पडल्या, शाळेचा शिक्का वर. कोणी बघितलं नाही. म्हातारा रडला. माझा हात धरून काही तरी बोलत राहिला, कविता असावी, दुभाष्याला येईना. साहेबही रडायला आला होता, पण त्याचं कारण वेगळं असावं.

ते तुमच्या मुलासाठी उभे राहिले, माझ्यासाठी नाही. मला कळतं ते. पण माझ्या मुलासाठी दुसरं कोण उभं राहणार होतं?

मला कसं कळलं, विचारशील. गेल्या वर्षापासून तुझं एक पत्र असं नाही की त्यात शेवटी "दादाचे पत्र आले का" नाही. आणि या वेळी चार पानं लिहिलीस. साखर लिहिलीस, साडी लिहिलीस, कपबश्या फुटल्या तर चालतील तेही लिहिलंस. तेवढं विचारलं नाहीस. तू विसरणारा नाहीस. म्हणजे उत्तर तुझ्याकडे होतं. पाच तारखेला मी तुला वाट करून दिली. तू आला नाहीस.

घरोघरच्या आयांना तुझ्या हातची पत्रं जातात. मला एक ओळ नाही?

मावशी

तार, ११ एप्रिल

दादा जिवंत. लष्करी हॉस्पिटल. पत्र मागोमाग. चूक माझी. खोडरबर.

१२ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. पत्ता वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, तो टांगेवाल्यालाही वाचता येईल.

दादा डिसेंबरपासून हॉस्पिटलात आहे. त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेला आहे. बाकी प्रकृती ठीक आहे, जेवतो. घरी कळवण्याच्या कार्डावर जखमीची स्वतःची सही लागते. त्याने डाव्या हाताने केली, ती त्यांच्याकडच्या नमुन्याशी जुळली नाही, म्हणून कार्ड परत आले. पुन्हा केली, पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा त्याने केली नाही.

हे मला साहेबांनी मार्चअखेर सांगितले. म्हणाले, "आनंद झाला ना? आता हा आनंद नऊ तारखेपर्यंत खिशात ठेव. आज कळवलंस तर बाई उठून हॉस्पिटलात जातील, आणि मी पाहुणे कोणाच्या घरी नेऊ?" मी ठेवला. ही आज्ञा होती असे मी स्वतःला सांगितले. नोकरी जाईल अशी भीती वाटली, हेही खरे आहे.

तुला लिहिलेल्या चार पानी पत्राच्या शेवटी नेहमीचा प्रश्न लिहायला पेन टेकवले होते. पण उत्तर ठाऊक असताना विचारायचे म्हणजे खोटे विचारायचे. ते होईना. दिवसभर मी जे लिहितो ते पाहता तुला याचे हसू येईल. पण ते दुसऱ्या कोणाच्या आईला असते. त्या गाळलेल्या ओळीवरून तू असे समजशील, हे माझ्या ध्यानात आले नाही. पाच तारखेचे तुझे पत्र वाचून मला वाटले, तू रंगाविषयी नाराज आहेस.

इकडचे कळवतो. मित्रराष्ट्राच्या सर्व वर्तमानपत्रांत जवानाच्या मृत्यूची बातमी आली असून त्यांच्या संसदेत सर्व जण उभे राहिले. साहेबांचे म्हणणे, मित्रराष्ट्राने श्रद्धांजली वाहिल्यानंतर जवान जिवंत ठेवणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. तेव्हा तो येत्या रविवारी मरेल. कादंबरीकार दुखावले आहेत, त्यांनी त्याच्यासाठी रजा आणि एक मुलगी योजून ठेवली होती. कवयित्रीबाईंना प्रथमच दोन वाक्ये मिळाली आहेत.

शेवटचे पत्र मलाच लिहावे लागले. साहेब म्हणाले, "शेवटचं आहे, अक्षर जरा कापरं काढ." मुद्दाम काही करावे लागले नाही. तुझे पत्र तासाभरापूर्वीच आले होते.

जवान उरणार नसल्यामुळे सोमवारपासून मला लिफाफे चिकटवण्याच्या विभागात पाठवणार आहेत. तो पहिलीच्या वर्गात आहे.

तू उत्तर दिले नाहीस तर ते योग्यच होईल. मी आपण होऊन लिहून तुला त्रास देणार नाही.

खोडरबर

३० मे

चि. खोडरबर यास मावशीचा आशीर्वाद.

आमचं ध्यान घरी आलं. मी जाऊन आणलं. वाटेत दोन कारकुनांशी भांडले, त्यांना सही हवी होती. अंगठा घ्या म्हटलं, त्यांना अंगठाही उजवाच हवा होता.

पहिली गोष्ट काय केली विचारशील, तर झोपला. दुसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा झोपला. मित्रराष्ट्राला कळव.

मी त्याला म्हटलं, अरे, नर्सकडून तरी चार ओळी लिहून घ्यायच्या. तर काय म्हणाला ऐक. वॉर्डात पेपर यायचा. त्यानंही तुझा 'ळ' ओळखला. मशीन वाचलं, गुडघा वाचला. त्याला वाटलं, त्याचा हात गेल्याचं तुला कुठून तरी समजलंय आणि त्याच्याऐवजी तू मला पत्रं लिहितोयस. "खोडरबर लिहितोय ना, माझ्यापेक्षा बरं लिहितोय," म्हणाला. म्हणून गप्प बसला. मी इकडे त्याची वाट बघतेय, तो तिकडे तुझ्यावर हवाला ठेवून बसलाय, आणि तू तिसरीच्या वर्गात. कोणाकोणावर रागवायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तुझा नंबर आहे त्यात, पुसला जाईल असं समजू नकोस.

शर्टाची बटणं काढून त्याला टिचबटणं लावून दिली. एका हातानं लागतात. उजवी बाही आखूड करून तिचा खिसा केला.

आता पेन्शनच्या कार्डासाठी सही हवी, म्हणून त्याला डाव्या हातानं लिहायला शिकवतेय. कित्त्याची पुस्तकं कुठे मिळेनात, शाळा सगळ्या तुमच्या लेखकांनी भरल्यात. मग शेजारणीनं जपून ठेवलेली पेपरातली कात्रणं आणली. तुझं अक्षर. मोठं, स्वच्छ, ओळीत. त्यावर पातळ कागद ठेवून रोज सकाळी गिरवतो. कवयित्रीबाईंचं वाक्य आलं की हात भरून येतो म्हणतो आणि सोडून देतो.

परवा "गुडघा कसा आहे" गिरवत होता. एवढ्या तीन शब्दांना अर्धी सकाळ लागली. जीभ बाहेर काढून लिहितो, तुझ्यासारखाच. पुरं झाल्यावर मान वर केली आणि म्हणाला, "कसा आहे गं, खरंच?"

म्हटलं, "ओळ सरळ काढ आधी."

मग उठून मशीनला तेल घातलं.

खाली त्याच्या हातचं आहे. मी वाचलेलं नाही, वाचू देत नाही.

मावशी

खोडरबर
बरा आहे. मोजे नकोत.
आई रोज पोस्टमनला विचारते
खोडरबरचं पत्र आलं का.
तुला सांगू नको म्हणालीय.